बांधकामाची वही आणि बांधणारा माणूस

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी घर बांधून पाहिले आहे त्यांना एक गोष्ट आठवत असेल. काम चालू असताना मेस्त्री उघड्या भिंतीवर पेन्सिलीने काही आकडे लिहून ठेवतो. विटा किती आल्या, सिमेंटच्या गोण्या किती गेल्या, खिडकी जमिनीपासून किती वर घ्यावयाची, नळ कोणत्या कोपऱ्यातून न्यावयाचा, असा तो सारा तपशील असतो. मालकाला ते आकडे कळत नाहीत आणि इंजिनिअरला त्यांची गरज वाटत नाही. एक दिवस भिंतीवर गिलावा चढतो आणि सगळा हिशेब भिंतीच्या पोटात जातो. पुढे दहा वर्षांनी नळ फुटतो, ओल येते आणि भिंत कोठून फोडावी हे कोणालाच सांगता येत नाही. त्या वेळी मेस्त्रीची आठवण होते. पण मेस्त्री तोवर परगावी गेलेला असतो.

आमचा आजचा विषय ह्या बुजलेल्या आकड्यांचा आहे. एका घराच्या बाबतीत जे घडते तेच रस्ता, पूल, धरण आणि रेल्वे ह्यांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडते. कोणत्याही मोठ्या कामात दगडमातीइतकीच माहिती हलवावी लागते. ती कोणी गोळा करावी, कोणत्या वहीत लिहावी आणि कोणी कोणाला सांगावी, ह्याची जी व्यवस्था असते तिला हल्ली माहिती-प्रणाली म्हणतात. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. आम्हांला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, अशी व्यवस्था कचेरीत बसून पूर्ण करता येत नाही. ती जागेवर जाऊन, काम करणाऱ्या माणसांच्या सोबतीने घडवावी लागते, आणि जेथे असे घडत नाही तेथे त्याची किंमत कधी पैशांत तर कधी प्राणांत मोजावी लागते.

हा विषय अष्टमीत मांडण्याला कारण आहे. कुंडलिकेच्या एका तीरावर अष्टमी आणि दुसऱ्या तीरावर रोहे. ह्याच रोह्यास १५ सप्टेंबर १९९० रोजी कोकण रेल्वेची कोनशिला बसविण्यात आली. देशातील एका अतिशय अवघड बांधकामाचा आरंभ आपल्या दारात झाला. तेव्हा ह्या प्रश्नाचा विचार करण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या देशात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले ते लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४च्या सुमारास. ह्या खात्याने पुढे ज्या वह्या रूढ केल्या त्यांत दोन महत्त्वाच्या होत्या. एक मापवही आणि दुसरा हजेरीपट. मापवहीचा नियम मोठा शहाणपणाचा होता. माप जागेवर घ्यावयाचे आणि जागेवरच शाईने लिहावयाचे. कच्च्या कागदावर टिपून मग कचेरीत बसून नक्कल करावयाची नाही. चूक झाली तर रेघ मारून सही करावयाची, खोडरबर चालवावयाचे नाही. हा नियम करणाऱ्यांना एवढे पक्के ठाऊक होते की, जागा आणि वही ह्यांच्यात जितके अंतर पडेल तितके खोटे आत शिरेल. हा नियम आजही शहाणपणाचा वाटतो.

परंतु ह्या वहीचा हेतू पैसे चुकते करणे हा होता. काम किती झाले एवढाच प्रश्न ती विचारी. ते कसे झाले, कोठे अडले, उद्या कोठे अडणार आहे, हे विचारण्यासाठी तिच्यात रकानाच नव्हता. वहीत ओव्हरसियर लिही, कंत्राटदार सही करी. ज्याच्या हाताखालून दगड गेला त्या मेस्त्रीचा संबंध येई तो हजेरीपटावर अंगठा उमटविण्यापुरता.

त्यातही काय घडे ते आपल्या जवळच्याच घाटात दिसून आले. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ ते १८६३ असे चालले. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे त्या घाटात राबत होती. काम मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे असे उतरत जाई. मजुरीचा पैसाही ह्याच जिन्याने खाली यावयाचा, आणि पायरीपायरीवर थोडा थोडा गळावयाचा. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्या वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, नवऱ्याचे कंत्राट पुढे चालविले. घाटातील मजुराला आपली रोजची कमाई ठाऊक होती. वरच्या साहेबाला आपण किती पैसे मोजले ते ठाऊक होते. मधल्या पायऱ्यांवर काय होत होते हे दोघांनाही एका वहीत पाहता येत नव्हते. दंग्याचे बीज ह्यात होते.

आता रोह्याकडे येऊ. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी जुनी. पण रूळ मात्र फार सावकाश पुढे सरकले. दिव्याहून पनवेलला गाडी पोचली १९६४ साली, तेथून आपट्याला १९६६ साली, आणि आपट्याहून रोह्यास यावयाला १९८६ उजाडले. रोह्याच्या पुढे नकाशावर रेघ होती, जमिनीवर काही नव्हते. १९८९ साली आलेल्या केंद्र सरकारात रेल्वे जॉर्ज फर्नांडिस ह्यांच्याकडे आणि अर्थखाते मधु दंडवते ह्यांच्याकडे आले, तेव्हा ह्या रेघेला बळ मिळाले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ ह्यांनी प्रत्येकी ६ टक्के भाग उचलला. नुकतेच निवृत्त झालेले अभियंते ई. श्रीधरन ह्यांच्याकडे महामंडळाची धुरा आली.

काम काय होते? रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदावर बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तर रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. ह्यासाठी सुमारे ४३ हजार जमीनमालकांकडून जमीन घ्यावयाची होती. कोकणातला सातबारा ही काय चीज आहे हे येथे सांगावयास नको. नाव पणजोबांचे, वाटेकरी अठरा, त्यांतले बारा मुंबईला, आणि बांधावरचा आंबा कोणाचा ह्यावर तीन पिढ्यांचा वाद. हे ज्ञान कोणत्याही नकाशात नसते. ते गावात जाऊन, ओटीवर बसून, चहा घेऊनच मिळते.

श्रीधरन ह्यांनी ह्या कामाची जी रचना केली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सबंध मार्गाचे सात विभाग केले, प्रत्येक सुमारे शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून त्याला निर्णयाचे अधिकार दिले. नुकतेच पदवी घेतलेले तरुण अभियंते मोटारसायकलींवरून रानावनांत धाडले आणि मार्ग पायाखाली घालावयास लावला. कचेरीत उलटे चालणारे घड्याळ लावले. किती दिवस झाले हे न दाखविता किती उरले एवढेच ते दाखवी. ह्या साऱ्याचा अर्थ असा की, जागेवरची बातमी आणि निर्णय करणारा माणूस ह्यांतील अंतर त्यांनी कमी केले. मापवहीच्या जुन्या नियमातले तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर अमलात आले. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला.

येथे एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. कोणी म्हणेल, हे यश वरून चाललेल्या शिस्तीचे आहे; मुदत कडक होती, हुकूम स्पष्ट होते, म्हणून काम झाले; मजुराला आणि गावकऱ्याला विचारीत बसले असते तर अजून रोह्यालाच थांबलो असतो. ह्यात तथ्य आहे. शिस्तीवाचून मोठे काम होत नाही. पण ह्याच रेल्वेच्या इतिहासात तीन प्रकरणे अशी आहेत की, ती वाचल्यावर ह्या उत्तराने समाधान होत नाही.

पहिले प्रकरण गोव्याचे. तेथे १९९२-९३मध्ये मार्गाच्या आखणीला मोठा विरोध झाला, काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा ह्यांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला. विरोधाचे एक मोठे कारण खाजन जमिनी हे होते. खाजन म्हणजे काय हे पेण-रोह्याच्या माणसाला विचारावे. आपल्याकडे त्यालाच खारजमीन म्हणतात. बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर ठेवावयाचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडावयाचे आणि आत भात पिकवावयाचे. अशा जमिनीत रेल्वेचा भराव पडला तर पाणी कोणीकडे वळेल, हा शेतकऱ्याचा प्रश्न होता. नकाशावर त्या जागी एक सपाट पट्टी दिसते. भरतीचे पाणी कोठवर येते आणि कोणती उघाडी कधी उघडावी हे बांधावर आयुष्य गेलेल्या माणसाला ठाऊक असते. पुढे आयोग झाला आणि कामही पुढे गेले. परंतु हे ज्ञान आरंभीच वहीत येण्याची काही सोय असती, तर ते आंदोलनाच्या वाटेने यावे लागले नसते, असे आम्हांला वाटते.

दुसरे प्रकरण मऊ मातीच्या बोगद्यांचे. कातळातून बोगदा काढावयाला परदेशी यंत्रे होती. पण नऊ बोगदे असे निघाले की, तेथे माती ओली, चिकट आणि पाण्याने भरलेली होती. खणावे आणि ढासळावे, पुन्हा खणावे आणि पुन्हा ढासळावे, असे चालले. गोव्यातील पेडण्याचा बोगदा तर सर्वांत हट्टी ठरला. ह्या नऊ बोगद्यांनी चार वर्षे घेतली आणि १९ माणसे घेतली. सबंध कामात ७४ माणसे गेली. येथे यंत्र उपयोगी पडेना म्हणून हाताने, इंचाइंचाने काम करावे लागले. अशा जागी पुढच्या हातभर मातीची बातमी सर्वांत आधी कोणाला लागते? जो पहार मारतो त्याला. पहारीचा आवाज बदलला, पाण्याचा रंग बदलला, आधाराचे लाकूड कुरकुरले, हे त्याला कळते. मात्र त्याच्या एकट्याच्या ज्ञानानेही भागत नाही. माती किती ओली आहे आणि किती भार पेलील ह्याचे मोजमाप हवेच. आमचे म्हणणे एवढेच की, मोजमापाच्या वहीत पहारीवाल्याच्या शब्दालाही एक रकाना हवा.

तिसरे प्रकरण गाड्या सुरू झाल्यानंतरचे. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले आणि गाडी घसरून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, आपल्या रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला आणि पुन्हा माणसे गेली. बांधकाम संपले म्हणून माहितीचे काम संपत नाही, हा धडा फार महाग पडला.

ह्यानंतरच्या वर्षांत पावसाळ्याची जी व्यवस्था वाढत गेली ती आम्हांला ह्या विषयातील आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण वाटते. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि वेग कमी असतो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी इत्यादी ठिकाणी आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसविली आहेत. माणगाव आणि वीर ह्यांमधील काळ नदी, वीरजवळची सावित्री आणि चिपळूणजवळची वाशिष्ठी ह्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रे आहेत. पानवलच्या पुलावर आणि मांडवी, जुवारी, शरावती ह्या नद्यांच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. एवढी यंत्रे असूनही शेकडो गस्तवाले भर पावसात, रात्रंदिवस, हातात विजेरी घेऊन रुळांवरून चालत असतात. जोराचा पाऊस होऊन पुढचे दिसेनासे झाले की, चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावयाचा असतो.

ह्यातला गस्तवाला आमच्या दृष्टीने महत्त्वाचा. पाऊस किती मिलिमीटर पडला हे यंत्र सांगते. परंतु अमक्या कटिंगमध्ये गेल्या वर्षी येथून स्वच्छ पाणी झिरपत होते आणि यंदा ते गढूळ येते आहे, किंवा तो वरचा धोंडा कालच्यापेक्षा किंचित झुकला आहे, हे रोज तेथून चालणारा माणूस सांगतो. यंत्राचा आकडा आणि चालणाऱ्याची नजर एकत्र आली म्हणजेच मोटरमनाला योग्य वेळी लाल कंदील दिसतो. ह्यांतील कोणतेही एक काढून टाकले तर दुसरे लंगडे पडते.

हा विचार आपल्यापुरता नाही. जगातही त्याचा शोध थोडा उशिरा व थोडा कष्टानेच लागला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कामांचे नियोजन करण्याच्या नव्या रीती निघाल्या. १९५७च्या सुमारास अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीत आणि १९५८ साली तेथील आरमारात, कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ह्याचे जाळे काढून सबंध प्रकल्पाची मुदत ठरविण्याची पद्धत तयार झाली. ती उपयुक्त होती आणि आजही वापरली जाते. पण जाळे काढणारा कचेरीत आणि काम करणारा जागेवर, हे अंतर तिने मिटविले नाही.

मिटविण्याचा पहिला मोठा प्रयत्न नॉर्वेत झाला. तेथील क्रिस्टेन नीगार्ड हे संगणकाच्या भाषा घडविणारे थोर शास्त्रज्ञ. कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर १९७०च्या आसपास त्यांनी काम सुरू केले. आधी त्यांनी विद्वानांच्या रीतीप्रमाणे अहवाल लिहावयाचे ठरविले होते. मग त्यांच्या ध्यानात आले की, अहवालाने कामगाराच्या हाती काही पडत नाही. तेव्हा कामगार स्वतः आपल्या कारखान्यात संगणकाविषयी जे शिकतील आणि करतील तेच ह्या संशोधनाचे फळ मानावयाचे, असे त्यांनी ठरविले. १९७५ साली तेथील कामगार आणि मालक ह्यांच्या मध्यवर्ती संघटनांत ह्या विषयावर करार झाला. पुढे १९८१पासून स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये छापखान्यातील कामगारांबरोबर असाच एक प्रयोग झाला. नवे यंत्र बनविण्याआधी पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे खोटे यंत्र मांडून कामगारांना त्यावर काम करून पाहावयास लावीत, आणि ते जेथे अडत तेथे आराखडा बदलीत.

बांधकामाच्या क्षेत्रात ही दृष्टी आली ती अमेरिकेतील ग्लेन बॅलार्ड ह्यांच्यामुळे, १९९०च्या दशकात. ते बांधकामांवर जाऊन एक साधी गोष्ट मोजू लागले. ह्या आठवड्यात अमुक कामे पुरी करू असे ठरविले होते, त्यांतली प्रत्यक्षात किती पुरी झाली? उत्तर निघाले, निम्म्याच्या आसपास. कारण विचारले तेव्हा कोठे सामान आलेले नसे, कोठे आधीच्या टोळीचे काम अपुरे असे, तर कोठे नकाशाच मिळालेला नसे. हे सारे मेस्त्रीला आधीपासून ठाऊक असे. त्याला कोणी विचारलेलेच नसे. म्हणून त्यांनी अशी रीत घातली की, आठवड्याचा बेत शेवटच्या माणसाने, म्हणजे प्रत्यक्ष काम वाटून देणाऱ्या मेस्त्री-मुकादमाने, इतर टोळ्यांच्या मुकादमांसमोर बोलून ठरवावयाचा. ज्या कामात अडचण दिसते ते अंगावर घ्यावयाचे नाही, आणि राहिलेल्या कामाचे कारण दर आठवड्याला लिहून ठेवावयाचे. ह्या रीतीला त्यांनी शेवटच्या नियोजकाची पद्धत असे नाव दिले. मापवहीत जो रकाना नव्हता तो असा दीडशे वर्षांनी उघडला.

आता इतक्या लांबून आपल्या गावाकडे परत येऊ. आज बांधकामावर मापवहीच्या जागी संगणक आला आहे, मुकादमाच्या हाती मोबाइल आहे, कामाचे छायाचित्र क्षणात कचेरीत पोचते. हे चांगलेच आहे. पण जुने अंतर नव्या यंत्रातही तसेच राहू शकते. पडद्यावरचे रकाने जर कचेरीला हव्या असलेल्या आकड्यांचेच असतील, तर मुकादम संध्याकाळी बसून ते कसेबसे भरील आणि आपला खरा हिशेब पुन्हा भिंतीवर पेन्सिलीनेच लिहील. रकाने कोणते असावेत हे ठरविताना तो मुकादम त्या टेबलाशी बसलेला असावा लागतो.

ह्याची परीक्षा कोणत्याही नगरपालिकेच्या गावात घेता येते. प्रत्येक गावात पाणी सोडणारा एक माणूस असतो. कोणत्या गल्लीखालून कोणती वाहिनी गेली आहे, कोणती झडप किती फेरे फिरवावी, कोठे जुना बिडाचा पाइप संपून नवा जोडला आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असते. तो सेवेतून निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका गळतीसाठी रस्ता चार ठिकाणी खणला जातो. खणण्याचा खर्च आपल्या घरपट्टीतून जातो आणि कोरडे नळ आपल्या घरातील बायकांच्या वाट्याला येतात. निवृत्तीपूर्वी एखाद्या तरुण अभियंत्याने महिनाभर त्याच्याबरोबर गल्लीगल्लीतून हिंडून नकाशा केला असता, त्या नकाशावर दोघांच्या सह्या घेतल्या असत्या, आणि पुढच्या माणसाला तो वापरावयास देऊन चुका दुरुस्त केल्या असत्या, तर एवढ्याने काम झाले असते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. त्या माणसाला जाणकार मानावयाची तयारी मात्र लागते, आणि आमच्या समजुतीने खरी उणीव तिचीच आहे. ज्याच्या हाताला माती आहे त्याला ज्ञान आहे, हे मानावयाला आपला सुशिक्षित समाज अजून कचरतो.

तेव्हा येथून घरी जाताना प्रत्येकाने एक लहानसे काम पत्करावे. ज्याच्या घराचे काम चालू असेल त्याने गिलावा चढण्यापूर्वी मेस्त्रीला बोलवावे, भिंतीवरचे आकडे त्याच्याकडून समजून घ्यावेत, आणि ते वहीत उतरून वहीच्या पानावर त्याचे नाव लिहावे. आणि जे नगरपालिकेत निवडून जातात त्यांनी पाणी सोडणाऱ्या माणसाची निवृत्तीची तारीख आधी पाहून ठेवावी.